किल्ल्याच्या दरवाज्यावरचा शरभ : पंख, आठ पाय आणि पंजाखालचे हत्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जंजिरा पाहायला गेलात, दरवाज्याशी कोरलेला सिंहासारखा प्राणी दाखवून गाईड म्हणाला, ‘हा शरभ. अर्धा सिंह, अर्धा पक्षी, आठ पायांचा. पूर्वी सह्याद्रीत होता, हत्ती उचलून न्यायचा.’ घरी येऊन फोटो मोठा करून पाहिलात तर पंखासारखं काहीतरी दिसतं आहे, पण नक्की कळत नाही. मग असा प्राणी खरोखर होता का, नसेल तर तो सगळ्या किल्ल्यांवर कसा, आणि त्या हत्तींचा अर्थ काय?

पंचवीसेक वर्षं दरवाज्यांच्या चौकटी मोजतो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला निदान शंभर वेळा विचारला गेला असेल. असा प्राणी नव्हता. पण हे एवढंच सांगून थांबलो तर गाईडने सांगितलेलंच जास्त मजेदार ठरेल आणि तुम्ही तेच लक्षात ठेवाल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पंखांचं. सुरुवातीच्या काळात मीही हे पंख पाहिलेत. पाहिलेत म्हणजे छापलेत. एका आडबाजूच्या किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाज्यावर डाव्या हाताला हातभर लांबीचा प्राणी कोरलेला आहे. पावसाळा संपता संपता गेलो होतो, भर दुपारी. ऊन समोरून सपाट पडलेलं. खांद्यापासून मागे जाणाऱ्या तीन-चार समांतर रेषा, त्यांचं टोक वर वळलेलं. वहीत लिहिलं ‘पंखयुक्त शरभ’ आणि तसाच एका छोट्या अंकात लेख दिला. चार वर्षांनी डिसेंबरात संध्याकाळी पुन्हा त्याच दरवाज्यात बसलो होतो. सूर्य कलला, उजेड भिंतीला घासून जाऊ लागला आणि डोळ्यांदेखत माझा पंख उलगडला. वरच्या दोन रेषा आयाळीच्या बटा होत्या, मागे फेकलेल्या. तिसरी खांद्याच्या स्नायूची कड. आणि चौथी, जिच्यामुळे ‘पिसांची रांग’ पूर्ण होत होती, ती दगडातली चीर. तिच्या काठाने दगडफूल वाढलं होतं, पावसाळ्यात ते हिरवट-पांढरं फुगलेलं, म्हणून ठळक दिसलं. तेव्हापासून मी दरवाजा दोनदा पाहिल्याशिवाय काही लिहीत नाही आणि टॉर्च समोरून मारत नाही, भिंतीला चिकटवून बाजूने मारतो.

महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर ज्यांना लोक पंखवाला शरभ म्हणतात, त्यांतले मी नीट पाहिलेले बहुतेक प्राणी बिनपंखांचे निघाले. पाय चारच. तोंड सिंहाचं किंवा वाघाचं, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, शेपूट पाठीवर वळवलेली, पंज्यात किंवा पंज्याखाली हत्ती. पंख, चोच, आठ पाय हे सगळं आपण पोथीतून आणून त्या दगडावर बसवतो.

मग पोथीत काय आहे? इथे मला खरी गंमत वाटते, कारण पोथीतला शरभ जन्मतः शरभ नाही. तो वाढत गेलाय.

अथर्ववेदात यज्ञातल्या बकऱ्याला सांगितलंय की शरभासारखा दुर्गम जागा ओलांडून जा. मूळ शब्द ‘दुर्गाणि’ आहे. म्हणजे साहित्यात शरभ येतो तोच ‘दुर्ग’ पार करणारा म्हणून. किल्ल्यांच्या माणसाला याहून गोड योगायोग कुठे मिळायचा! पण तो ते ओलांडतो बकऱ्यासारखा, कडेकपारीतून. ऐतरेय ब्राह्मणात एक कथा आहे. यज्ञाला योग्य असं सत्त्व एकेका पशूतून निघून जातं आणि ज्याच्यातून गेलं तो रानटी होतो. घोड्याचा गौरमृग, बैलाचा गवा, मेंढीचा उंट, आणि बकऱ्याचा शरभ. सत्त्व गेलेल्या या पशूंचं मांस खाऊ नये, असं पुढे म्हटलंय. ज्याचं मांस खावं की न खावं याची चर्चा होते तो प्राणी आकाशात उडणारा सिंहभक्षक नसतो. तो डोंगरावरचा रानबकरा किंवा हरणाच्या जातीचा काही असतो.

पाली जातककथांत शरभमृग नावाची एक कथा आहे. वाराणसीचा राजा शिकारीत त्याचा पाठलाग करताना खड्ड्यात पडतो आणि तो शरभच राजाला बाहेर काढतो. इथेही तो मृगच. अमरकोशात सिंहादिवर्गात ‘गन्धर्वः शरभो रामः सृमरो गवयः शशः’ अशी ओळ आहे. आपला शरभ बसलाय गवा आणि सशाच्या रांगेत.

आणि कालिदास. मेघदूतात यक्ष ढगाला वाट सांगताना म्हणतो की हिमालयात शरभ चवताळून तुझ्यावरून उडी मारायला पाहतील आणि आपलेच हातपाय मोडून घेतील, त्यांच्यावर गारांचा मारा कर. यातली ‘हातपाय मोडून घेणं’ ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पंख असलेल्या प्राण्याला ढगावरून जाताना हातपाय मोडायचं काय कारण? कालिदासाच्या डोळ्यांसमोर जो शरभ होता तो उंच उडी मारणारा होता, उडणारा नव्हता.

आठ पाय येतात महाभारतात. शांतिपर्वात एका ऋषीच्या आश्रमातल्या कुत्र्याची गोष्ट आहे. ‘पुनर्मूषको भव’ आपण सगळे शाळेत शिकलो, ती हितोपदेशातली उंदराची आवृत्ती. महाभारतात तो कुत्रा आहे. बिबट्या दिसला की ऋषी त्याला बिबट्या करतात, मग वाघ, मग हत्ती, मग सिंह. आणि सिंहालाही भ्यावं लागतं असा जो येतो तो शरभ : आठ पायांचा, वर डोळे असलेला, सगळ्या प्राण्यांना मारणारा. शेवटी कुत्रा शरभ होतो आणि ऋषीलाच खायला निघतो, तेव्हा ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करतात. उंदराच्या गोष्टीत वाघावर थांबतं, इथे शिडीला आणखी तीन पायऱ्या आहेत. शरभाचा स्वभाव इथे ठरला. तो ‘त्याच्याहून मोठा’ असतो. सिंहाहून मोठा कोण, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे शरभ. अशा प्राण्याला ठरलेलं शरीर नसतं, गरज पडेल तसे अवयव फुटतात.

पंख फुटायची गरज पुराणांत पडली. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाचा राग शांत होईना. लिंगपुराणात शिव आधी वीरभद्राला पाठवतो, त्याचं नरसिंह ऐकत नाही, मग शिव स्वतः शरभरूप घेतो. पंख, चोच, जटा, चंद्रकोर, खाली पशूचं शरीर. नरसिंहाला पकडून वर आकाशात नेतो. माझा अंदाज असा की पक्ष्याचं अंग त्याला इथेच चिकटलं, कारण सिंहाला मारायला दुसरा सिंह पुरतो, पण विष्णूच्या अवताराला जमिनीवरून उचलायचं तर पंख हवेतच. शिवाय गरुड विष्णूचाच. मग त्याच्या तोडीस तोड आपलाही पक्षी नको का? शैव-वैष्णवांची ही जुगलबंदी पुढेही चालू राहिली. वैष्णवांनी सांगितलं, नरसिंहाने मग दोन तोंडांच्या गंडभेरुंड पक्ष्याचं रूप घेतलं आणि शरभालाच फाडलं. शाळेत पोरं ‘तुझ्या दसपट’, ‘तुझ्या शंभरपट’ करतात तसाच हा प्रकार. फक्त देवळांच्या भिंतींवर.

या पंखवाल्या शरभाची प्रत्यक्ष मूर्ती पाहायची असेल तर किल्ल्यांवर नका शोधू, तमिळनाडूत कुंभकोणमच्या परिसरात जा. दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराज चोळाचं. जवळच त्रिभुवनमचं कंपहरेश्वर, तिसऱ्या कुलोत्तुंगाच्या काळातलं. दोन्हीकडे शरभाचं वेगळं स्थान आहे आणि त्रिभुवनमला तर आजही शरभेश्वर म्हणून त्याच्यासाठीच लोक येतात. तिथे पंख आहेत, पकडलेला नरसिंह आहे, शंकेला जागा नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तिथून तंजावर जवळच. आपल्या भोसल्यांच्या तंजावर गादीवर दुसरे सरफोजी राजे 1798 ते 1832 होते. ‘शरफोजी’ या नावाचं दरबारच्या संस्कृत-तमिळ ग्रंथांत काय झालं? ‘शरभेंद्र’. त्यांच्या नावाच्या वैद्यकग्रंथातही शरभेंद्र आणि कुरवंजी नाटकातही शरभेंद्र. भोसल्यांच्या घराण्यात शहाजी आणि शरीफजी ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून आली असं सांगतात. म्हणजे एका पिराचं नाव दक्षिणेत जाऊन पंखवाला शिव झालं. भाषेला सीमा नसतात म्हणतात ते असं.

गंडभेरुंडाबद्दलही दोन शब्द, कारण किल्ल्यांवर याची आणि शरभाची सरमिसळ फार होते. दोन तोंडांचा पक्षी भारतात जुना आहे. तक्षशिलेजवळ सिरकापला एका स्तूपावर तो कोरलेला आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. पंचतंत्रातला भारुंड पक्षी, एक पोट आणि दोन माना, तो याचाच भाऊबंद. कर्नाटकात बळ्ळिगावी इथे 1047 साली उभारलेला गंडभेरुंड स्तंभ आहे. त्यात माणसाच्या धडाला दोन पक्षीमुखं आहेत. बेलूरच्या केशव मंदिरात एक साखळीच कोरली आहे : हरणाला अजगर गिळतोय, अजगराला हत्तीने धरलंय, हत्तीवर सिंह तुटून पडलाय, सिंहाला शरभ, शरभाला गंडभेरुंड, आणि हे सगळं पाहून चकित झालेला एक ऋषी. मी बेलूरला गेलो की मंदिराला प्रदक्षिणा घालायच्या आधी त्या ऋषीचं तोंड पाहून येतो. शिल्पकाराला आपण काय कोरतोय याचं पूर्ण भान होतं. त्याने स्वतःचाच एक प्रेक्षक चित्रात ठेवलाय.

ही साखळी लक्षात ठेवली की निम्मं कोडं सुटतं. शरभ आणि गंडभेरुंड हे ‘कोण कोणाला खातो’ या शिडीवरच्या वरच्या पायऱ्या आहेत. या रूपात जंगलातले प्राणी म्हणून त्यांची कधी कल्पना केलेलीच नव्हती.

तरी तुम्ही ‘खरोखर होता का’ विचारलंय, म्हणून शरीराचा हिशोबही मांडतो. पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांना हातापायांच्या फार तर दोनच जोड्या असतात. बेडूक असो, पाल असो, हत्ती असो, आपण असू. ज्यांनी उडायला पंख मिळवले त्यांनी पुढचे पाय देऊन मिळवले. पक्षी, वटवाघूळ आणि फार पूर्वी नष्ट झालेले टेरोसॉर (उडणारे सरीसृप), तिघांचेही पंख म्हणजे पुढचे हातच. चार पाय शाबूत ठेवून वर दोन पंख, असा एकही कणेदार प्राणी ना जिवंत आहे ना जीवाश्मांत. आठ पाय आणि पंख तर लांबच. वजनाचं म्हणाल तर आज उडणाऱ्या पक्ष्यांतले सगळ्यात जड अठरा-एकोणीस किलोंच्या आसपास थांबतात. क्वेट्झालकोॲटलस हा महाकाय टेरोसॉर, दहाएक मीटर पंखांचा, त्याचं वजन दोन-अडीचशे किलो धरतात, आणि तो संपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हत्ती तीन-चार टनांचा. हत्ती उचलून नेणारा पक्षी किती मोठा लागेल ते तुम्हीच काढा.

कधीमधी कोणीतरी शिवालिकच्या जीवाश्मांचा फोटो पाठवतो : ‘हा पाहा शरभ’. तो बहुधा शिवाथेरियम असतो. फाल्कनर आणि कॉटले यांनी 1836 मध्ये त्याला हे शिवाचं नाव दिलं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. तो जिराफाच्या कुळातला, डोक्यावर जाडजूड शिंगं असलेला, गवत-पाला खाणारा जीव. त्याला पाहून सिंह पळाले असतील नसतील, पण त्याने हत्ती काही उचलला नाही.

आता हत्ती. मला विचाराल तर या शिल्पात सगळ्यात बोलका तोच आहे, आणि फोटो काढताना लोक नेमका तोच कापतात.

संस्कृत काव्यात सिंह हत्तीचं गंडस्थळ फोडतो आणि मोती सांडतात, हा ठरलेला संकेत. राजा सिंह, शत्रू हत्ती. त्यात दख्खनच्या राजकारणात हत्तीला आणखी एक अर्थ होता. ओरिसाचे राजे स्वतःला गजपती म्हणवत, विजयनगरचे नरपती. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या नाण्यांवर (राज्यकाळ 1529 ते 1542) गंडभेरुंड आहे, चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेला. त्या नाण्याकडे पाहून कोणाला ‘कुठल्या जंगलातला पक्षी’ असा प्रश्न पडला नसेल. सगळ्यांना कळत होतं की हत्ती कोण आणि पक्षी कोण.

दरवाज्यावर तर हत्ती शब्दशः शत्रू होता. किल्ल्याचा दरवाजा फोडायला हत्तीच आणत. म्हणून फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकत, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे खिळे तुम्ही पाहिले असतीलच. वाट वळवून दरवाज्यासमोर जागा मुद्दाम अरुंद ठेवत, हत्तीला धाव घ्यायला मिळू नये म्हणून. आता त्या वळणावर उभं राहून वर पाहा : हत्तीला चेंगरणारा सिंह. खाली लोखंड जे करतं तेच वर दगड सांगतोय. खिळे हत्तीसाठी, शिल्प हत्तीवर बसलेल्यासाठी.

गाईड लोक जंजिऱ्याला सांगतात की जितके हत्ती तितकी राज्यं, निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही वगैरे, आणि सिद्दीने सगळ्यांना पंजात धरलं. ऐकायला झकास आहे. पण हीच प्रतिमा त्या दुसऱ्या राजवटींच्या किल्ल्यांवरही आहे. प्रत्येक जण स्वतः सिंह आणि बाकीचे हत्ती. त्यामुळे एकेका हत्तीला नाव देण्यात अर्थ नाही, जशी कुस्तीच्या आखाड्यातल्या हनुमानाच्या गदेखाली कोण आहे हे कुणी विचारत नाही.

हे सगळं धर्माच्या रेघेने विभागलेलं नव्हतं, हे गाविलगडाइतकं दुसरीकडे क्वचितच दिसतं. मेळघाटात, चिखलदऱ्याशेजारी. पंधराव्या शतकाच्या पहिल्या पावात बहमनी अहमदशाहाने किल्ला बांधला, आणि 1488 च्या सुमारास फतहुल्ला इमादुल्मुल्काने त्याचं मोठं काम केलं. पुढे दोन वर्षांत तोच वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. आत जाताना दरवाज्यावर हत्तींसह सिंह आणि गंडभेरुंड दिसतात. मुसलमान सुलतानाच्या दारात विजयनगरी पक्षी कसा? फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो की फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा, कन्नड हिंदू घराण्यातला. लहानपणी लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडात वाढला. कोणी म्हणतं त्याने घरची आठवण कोरून घेतली. मला इतकं हळवं व्हावंसं वाटत नाही. दख्खनमध्ये सत्ता दाखवायची भाषाच ही होती आणि ती सगळ्यांना येत होती. पण तारीख मात्र बघा. गाविलगडचा पक्षी अच्युतरायाच्या नाण्याहून चाळीसेक वर्षांनी जुना आहे. नाण्यावरून किल्ल्यावर आला असं म्हणणाऱ्यांनी आधी वर्षं जुळवून घ्यावीत.

राहता राहिलं नाव. किल्ल्यावरच्या या प्राण्याला ‘शरभ’ म्हणायचा प्रघात आपल्या दुर्गप्रेमींच्या पुस्तकांनी आणि पाट्यांनी पक्का केला, आणि मीही सवयीने तेच म्हणतो. पण पुराणातला शरभ नरसिंहाला मारतो, हा हत्तीला मारतो. त्याला पंख, याला नाहीत. मंदिरवास्तूच्या ग्रंथांत अशा मिश्र प्राण्यांना व्याल म्हणतात, तोंड सिंहाचं तर सिंहव्याल, हत्तीचं तर गजव्याल, अशी मोठी यादीच आहे. दक्षिणेत त्याला याळी म्हणतात. कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हात मध्ये गंडभेरुंड आणि दोन्ही बाजूंना हत्तीच्या सोंडेचे सिंह आहेत. तिकडे त्यांनाही शरभच म्हणतात, म्हणजे तिथला शरभ वेगळाच.

बीदरच्या किल्ल्यात वाघांची जोडी कोरलेल्या एका दरवाज्याचं नाव शर्जा दरवाजा. त्यावरचा लेख 1503 चा. शर्जा म्हणजे फारसीत चवताळलेला, सिंह-वाघासाठी वापरायचा शब्द. आदिलशाहीत शर्जाखान नावाचे सरदार होते. भूषण कवी शिवाजी महाराजांना ‘सरजा’ म्हणतो ते हेच. सर्जेराव हे नाव त्यातलंच, आणि बैलपोळ्याला सजणारी सर्जा-राजाची जोडीही. तेव्हा सोळाव्या-सतराव्या शतकात दरवाज्याखालून आत जाणारा शिपाई वर पाहून संस्कृत ‘शरभ’ म्हणत असेल की ‘सर्जा’, असं विचारलं तर मी सर्जावर पैज लावीन. दोन शब्द कानाला इतके जवळ आहेत की एक दुसऱ्यात विरघळायला वेळ लागला नसेल.

गावात तर तिसरंच. जुन्नरच्या बाजूला एका पडक्या वेशीवर असाच प्राणी आहे, शेंदूर लावलेला. मी पट्टी धरून मोजत होतो, तेवढ्यात डोक्यावर सरपण घेतलेली एक आजी थांबली. ‘काय मोजताव?’ म्हटलं, ‘आजी, हा शरभ आहे.’ ती म्हणाली, ‘शरभ-बिरभ आमाला ठाव न्हाई. ह्यो आमचा वाघोबा.’ आणि माझ्याकडे न बघता त्याच्या पायाशी एक काटकी ठेवून गेली. माझ्या वहीत त्या जागी तिन्ही नावं लिहिलेली आहेत.

तुमच्या फोटोबद्दल. तुम्ही जंजिऱ्याला दुपारी गेला असणार, होडीची वेळच तशी मिळते, आणि होडीवाला आत फिरायला जेमतेम तासभर देतो. दुपारच्या उजेडात उठाव शिल्प चपटं होतं. शक्य असेल तर सकाळची पहिली होडी धरा. भिंतीवर ऊन कुठल्या बाजूने तिरकं येतं ते पाहा, नसेल येत तर टॉर्च भिंतीला टेकवून एका बाजूने सोडा आणि जोडीदाराला फोटो काढायला सांगा. मग टॉर्च उलट्या बाजूला. दोन फोटो शेजारी ठेवलेत की चीर कुठली, कोरीव रेघ कुठली हे वेगळं होतं, कारण कोरलेल्या रेघेची सावली उजेडाबरोबर बाजू बदलते, दगडफुलाचा डाग मात्र दोन्हींत तसाच राहतो. खडू, हळद, पीठ काही लावू नका. रेघ उठून दिसावी म्हणून लोक खडू घासतात, तो दगडाच्या छिद्रांत बसतो आणि पुढच्या माणसाला शिल्पकाराच्या रेघेऐवजी तुमचीच रेघ दिसते. असे खडूने ‘दुरुस्त’ केलेले पंख मी दोन ठिकाणी पाहिलेत.

मग मोजा. पाय किती, त्यांतले जमिनीवर किती. तोंड मिटलंय की उघडं, सुळे दिसतात का. खांद्यावरच्या रेषा मानेकडून निघतात की खांद्यातून. मानेकडून निघाल्या तर आयाळ. खांद्यातून निघून पाठीच्या वर सुटल्या आणि त्यांत पिसांची आडवी रांग असेल, तर मात्र मला लगेच कळवा, मी पुढची बस धरतो. आणि हत्ती कापू नका. त्यांची सोंड कुठे वळली आहे पाहा, काही ठिकाणी सुटायला धडपडणारा हत्ती आहे, काही ठिकाणी निमूट लोंबकळणारा. एका दरवाज्यावर तर पंज्याखालच्या हत्तीने सोंडेने सिंहाचाच पाय घट्ट धरलाय. तो कोरणारा कुठल्या बाजूचा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.